नव्या शहरात भाड्याचे घर: पहिल्या चौकशीपासून किल्ली हाती येईपर्यंत

नव्या शहरात पाऊल ठेवलेल्या माणसाला घराची घाई असते आणि ही घाई दलाल, घरमालक व भामटा या तिघांनाही त्याच्या पहिल्याच फोनवरून ओळखू येते. म्हणून घर शोधण्याआधी शोधासाठी वेळ मिळवणे, ही या कामाची पहिली पायरी आहे. शक्य असेल तर पहिले तीन-चार आठवडे परिचितांकडे, वसतिगृहात किंवा महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या सजवलेल्या खोलीत काढावेत. दिवसाच्या हिशेबाने ही सोय महाग वाटते. परंतु दूर बसून, केवळ छायाचित्रे पाहून वर्षभराचा करार केला आणि घर राहण्याजोगे निघाले नाही, तर मुदतपूर्व सोडण्याचा दंड, पुन्हा दलाली, पुन्हा सामानाची वाहतूक आणि अडकलेली अनामत यांची बेरीज त्या तात्पुरत्या भाड्याहून बहुधा मोठी भरते. ज्याला उद्याच्या रात्रीची चिंता नाही, तोच समोरच्याला ‘विचार करून सांगतो’ असे म्हणू शकतो, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे वाक्य म्हणता येणे आवश्यक आहे.

आधी पैशांचा हिशेब

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांहून अधिक भाडे नसावे, हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. त्याचे मूळ अमेरिकेच्या सार्वजनिक गृहनिर्माण धोरणात आहे. तेथे 1969 च्या दुरुस्तीने सरकारी घरांतील भाडेकरूंच्या भाड्यावर उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि 1981 मध्ये ती 30 टक्के झाली. म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठरवलेली ही एक प्रशासकीय मर्यादा होती, आणि तिच्याकडे तेवढ्याच दृष्टीने पाहावे. ज्याच्यावर कर्ज नाही व कोणी अवलंबून नाही, त्याला 35 टक्केही झेपतील. ज्याला दरमहा घरी पैसे पाठवायचे आहेत, त्याला 25 टक्केही जड जातील. टक्केवारी कोणतीही धरली, तरी ती कर व इतर कपाती वजा जाऊन हाती पडणाऱ्या रकमेवर काढावी.

जाहिरातीतील भाडे हा घराच्या खर्चाचा एक भाग असतो. इमारतीच्या देखभालीचे शुल्क, वीज, पाणी, इंधन, घर गरम किंवा थंड ठेवण्याचा खर्च, इंटरनेट, वाहन उभे करण्याची जागा आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च असे सगळे मिळून एका घराचा मासिक आकडा तयार होतो, आणि दोन घरांची तुलना करायची ती याच आकड्यांची. यांपैकी कोणत्या बाबी भाड्यात धरल्या आहेत आणि कोणत्या वेगळ्या द्याव्या लागतील, हे पहिल्याच संभाषणात विचारावे. सुरुवातीला एकरकमी लागणारे पैसे नवख्यांना हमखास चकवतात. दोन महिन्यांची अनामत, एका महिन्याचे आगाऊ भाडे आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली असे धरले, तर सामान हलवण्याआधीच चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हातची जाते. ती जवळ नसेल, तर कमी भाड्याचे घर पाहावे. उसनवारी करून घेतलेल्या घरात पहिले वर्ष ताणाचे जाते.

परिसराची निवड

घर मनासारखे नसेल, तर पडदे लावून, रंग देऊन, सामान हलवून त्यात काही सुधारणा करता येते; परिसराच्या बाबतीत तसे काहीच करता येत नाही. म्हणून नकाशावर कामाचे किंवा शिक्षणाचे ठिकाण धरून, तेथे पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेनुसार वर्तुळ आखावे. अंतराचे वर्तुळ फसवे असते, कारण थेट रेल्वेने पार होणारे पंधरा किलोमीटर हे दोन ठिकाणी वाहन बदलून पार कराव्या लागणाऱ्या सहा किलोमीटरांपेक्षा जवळचे असू शकतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये असे मांडले होते, की माणसे प्रवासाची साधने बदलली, तरी रोजच्या ये-जा करण्याला सरासरी सुमारे एक तासच देत आली आहेत. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी असली, तरी एका बाजूच्या प्रवासास तासाहून अधिक वेळ लागणार असेल, तर भाड्यात होणारी बचत खरोखर कोणाच्या खिशातून येते आहे, याचा विचार करावा.

प्रवासाचा वेळ नकाशावर पाहून समाधान मानू नये. ज्या वेळी निघायचे, त्याच वेळी, कामाच्या दिवशी, ज्या साधनाने जायचे त्याच साधनाने एकदा तो प्रवास करून पाहावा. परतीचे शेवटचे वाहन किती वाजता आहे आणि थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता रात्री कसा दिसतो, हेही पाहावे. दिवे लागलेले, दोन-चार दुकाने उघडी असलेले, माणसांची ये-जा असलेले रस्ते एकट्याने परतणाऱ्याला धीर देतात.

एकच परिसर निदान दोन वेळा पाहावा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी आणि एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री उशिरा. सकाळी शाळेच्या दारातील वाहनांची कोंडी आणि पाण्याच्या टँकरची रांग दिसते. रात्री समारंभाच्या सभागृहाचा, मद्यगृहाचा किंवा बस आगाराचा आवाज ऐकू येतो. शयनकक्षात रात्रीचा सततचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 1999 ची शिफारस आहे. फोनवरील मापक फारसा अचूक नसतो, तरीही दोन घरांतील फरक त्याने कळतो. शेजारी मोकळा भूखंड असेल आणि त्याला पत्र्यांचे कुंपण घातलेले असेल, तर तेथे बांधकाम सुरू होऊन खिडकीतील प्रकाशही जाऊ शकतो आणि शांतताही. सखल भागातील घर असेल, तर जोराच्या पावसात पाणी कोठवर येते, हे जवळच्या दुकानदाराला विचारावे. त्याला घर भाड्याने द्यायचे नसल्यामुळे तो खरे सांगतो.

शोध, दलाल आणि भामटे

संकेतस्थळांवरील जाहिराती बाजारभावाचा अंदाज घेण्यासाठी उत्तम असतात. मात्र चांगल्या घरांपैकी बरीच घरे जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. सहकारी, सहाध्यायी, जुने भाडेकरू आणि इमारतींचे रखवालदार यांच्या तोंडूनच ती हस्तांतरित होतात. म्हणून कामाच्या ठिकाणी सर्वांना आपली गरज स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी: किती खोल्या, कोणता परिसर, कमाल किती भाडे आणि कोणत्या तारखेपासून. निवडलेल्या भागात पायी फिरून ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या पाहण्याची जुनी पद्धतही अजून उपयोगी आहे.

दलालाशी बोलण्यापूर्वी तो कोणाच्या बाजूने काम करतो, हे समजून घ्यावे. दलाली कोणी द्यायची, हे देशागणिक बदलते: जर्मनीत जून 2015 पासून दलालाला ज्याने काम सांगितले, त्यानेच ती द्यावी असा नियम आहे, इंग्लंडमध्ये जून 2019 पासून भाडेकरूकडून अशी बहुतेक शुल्के घेण्यास बंदी आहे, इतर अनेक ठिकाणी ती भाडेकरूच्याच माथी येते. आपण जेथे जात आहोत तेथील नियम आधी वाचावा. नंतर दलालीची रक्कम, ती केव्हा द्यायची आणि व्यवहार फिसकटला तर काय, हे संदेशातून लेखी घ्यावे. दलाली करारावर सह्या झाल्यावरच द्यावी. केवळ घर दाखवण्याचे पैसे मागणाऱ्या दलालाला मी नकार देईन.

फसवणुकीचे प्रकार वरवर वेगवेगळे दिसले, तरी त्यांचा सांगाडा एकच असतो: भाडे आसपासच्या दरापेक्षा लक्षणीय कमी, मालक परदेशी किंवा परगावी, घर आतून दाखवण्यात काहीतरी अडचण, आणि ‘बरेच जण मागे लागले आहेत, थोडी रक्कम पाठवून जागा राखून ठेवा’ हा आग्रह. जाहिरातीतील छायाचित्र प्रतिमा-शोधात टाकून पाहिल्यास तेच चित्र दुसऱ्या शहरातील घराच्या नावानेही सापडते, असे अनेकदा घडते. घर स्वतः किंवा विश्वासू माणसाने आतून पाहिल्याखेरीज एक पैसाही पाठवू नये. ओळखपत्राची प्रतही लगेच पाठवू नये. देणे भागच असेल, तेव्हा तिच्यावर आडवे ‘केवळ अमुक पत्त्यावरील भाडेकरारासाठी’ असे लिहून तारीख घालावी.

कागदपत्रांची संचिका मात्र आधीच तयार ठेवावी. ओळखपत्र, नोकरीचे किंवा प्रवेशाचे पत्र, उत्पन्नाचा पुरावा, आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र आणि कोणी जामीन राहणार असेल तर त्याची माहिती, इतके एकत्र असले म्हणजे घर आवडल्यावर दोन दिवस वाया जात नाहीत. मागणी जास्त असलेल्या भागात घर बहुधा ज्याची कागदपत्रे आधी पूर्ण होतात, त्यालाच मिळते.

घर पाहताना

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. घर शक्यतो दिवसा पाहावे, सोबत एखाद्या माणसाला न्यावे आणि मोजपट्टी, फोनचा चार्जर व वही जवळ ठेवावी. दोघांपैकी एकाने मालकाशी बोलावे आणि दुसऱ्याने निवांतपणे घर तपासावे, कारण बोलता बोलता भिंतींकडे पाहणे जमत नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील नळ एकाच वेळी सोडून दाब किती उतरतो, ते पाहावे. दहा लिटरची बादली भरायला एका मिनिटाच्या आसपास वेळ लागला, तर दाब कामापुरता चांगला आहे. तीन मिनिटे लागली, तर सकाळच्या घाईत त्रास होणार. पाणी दिवसभर येते की ठरावीक वेळेस, टाकी कितीची आहे, ती कोणाच्या वाट्याची आहे, हे विचारावे. नळ बंद केल्यावर मोरीचे पाणी किती लवकर निघून जाते, शौचालयाची टाकी पुन्हा भरते का आणि सिंकखालच्या नळीचे सांधे ओले आहेत का, हे हात लावून पाहावे.

त्यानंतर ओल. छतावरील तपकिरी कडेचा डाग वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची किंवा गच्चीची गळती सांगतो. जमिनीलगत सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढलेली, फुगलेल्या रंगाची पट्टी असेल, तर पाणी पायाकडून वर येत असल्याची शंका घ्यावी, आणि अशी ओल भाडेकरूच्या कारकिर्दीत सहसा बरी होत नाही. सगळी भिंत जुनी आणि एकच तुकडा ताज्या रंगाचा दिसला, तर त्या तुकड्याबद्दल प्रश्न विचारावा. भिंतीतील कपाटाचे दार उघडून वास घ्यावा. बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या फर्निचरच्या मागे काळे ठिपके असतील, तर ती बुरशी आहे. तेथे हवा खेळत नाही आणि भिंत थंड पडून तिच्यावर दव धरते. दमा असलेल्या माणसाने असे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

वीज तपासण्यासाठी चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून पाहावा. सैल, काळवंडलेले किंवा गरम होणारे सॉकेट दिसल्यास लिहून ठेवावे. विजेच्या पेटीत, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आहे का, हे मालकाला विचारून त्यावरील चाचणीचे बटण दाबून पाहावे. न्हाणीघरात गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र असेल, तर धूर बाहेर नेणारी नळी आणि कायम उघडी राहणारी हवेची वाट हवीच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. या एका गोष्टीवर तडजोड करू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्गही पाहावा: खिडक्यांना पक्के गज असतील आणि जिना एकच असेल, तर तो जिना सामानाने अडलेला आहे का, हे आधी दिसले पाहिजे.

प्रकाशाचा विचार दिशेवरून करावा आणि दिशा फोनमधील होकायंत्रावरून ठरवावी. पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेली खोली दुपारनंतर तापते आणि उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत निवत नाही. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचे ऊन दक्षिणेकडून येते, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून. थंड हवेच्या शहरात या फरकाने इंधनाचा खर्च बदलतो. सर्वांत वरच्या मजल्यावर छताची उष्णता व गळती, तर तळमजल्यावर ओल, सांडपाणी उलटे येण्याचा धोका व सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

जाहिरातीत दिलेल्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी, गॅलरी आणि कधी कधी जिन्याचा वाटाही धरलेला असतो, म्हणून आतली मोजमापे स्वतः घ्यावीत. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, एवढे लक्षात ठेवले की दोन पद्धतींतील आकडे ताडून पाहता येतात. पलंग, कपाट व धुलाई यंत्र यांच्या जागा आणि मुख्य दाराची व जिन्याच्या वळणाची रुंदी मोजावी. शयनकक्षात उभे राहून फोन लावून पाहावा. गाद्यांच्या शिवणीत गडद ठिपके दिसल्यास ढेकणांचा संशय घ्यावा, आणि स्वयंपाकघरातील खालच्या कप्प्यांचे कोपरे विजेरीने पाहावेत.

निघताना शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलावे. आधीचा भाडेकरू किती काळ राहिला व का गेला, पाणी व वीज किती वेळा जाते आणि मालक दुरुस्तीला किती दिवसांनी येतो, या प्रश्नांची उत्तरे मालकाच्या उत्तरांशी जुळतात का, ते पाहावे. आपणही आपली बाजू लपवू नये. घरात प्राणी असणार असेल, रोज गाण्याचा रियाज असेल, वारंवार पाहुणे येणार असतील किंवा सोबत मित्र राहणार असेल, तर ते आताच सांगावे, कारण करारानंतर कळलेली हीच गोष्ट घर सोडायला लावू शकते.

बोलणी आणि करार

घासाघीस केवळ भाड्याच्या आकड्यावर करू नये. भाडे कमी करायला तयार नसलेला मालक रंगकाम, नवा गिझर, खिडकीची जाळी, कमी अनामत किंवा आठवडाभर उशिराची सुरुवात यांना सहज कबूल होतो. जे कबूल होईल ते त्याच दिवशी संदेशाने कळवावे: ‘आपल्या बोलण्यानुसार अमुक तारखेपूर्वी अमुक काम होईल’, आणि पुढे हेच वाक्य करारात घालावे.

करार सहीच्या आदल्या दिवशी मागून घेऊन शांतपणे वाचावा. तो न समजणाऱ्या भाषेत असेल, तर जाणत्या माणसाकडून समजून घेतल्याखेरीज सही करू नये. करार करणारा खरोखर मालक आहे किंवा त्याच्याकडे अधिकारपत्र आहे, हे मालकीच्या कागदावरून अथवा कराच्या पावतीवरून पडताळावे. कलमांमध्ये मुदत, भाडे व ते वाढण्याचे प्रमाण, दोन्ही बाजूंचा नोटीस कालावधी, मुदतीपूर्वी सोडल्यास होणारा दंड, किरकोळ व मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी, मालकाने घरात येण्यापूर्वी द्यायची सूचना आणि पोटभाडेकरूविषयीची अट स्पष्ट हवी. नोटीस कालावधी भाडेकरूसाठी दोन महिने आणि मालकासाठी पंधरा दिवस असा एकतर्फी लिहिलेला आढळतो. तो समान करून घ्यावा.

अनामतीवरील कायदेशीर मर्यादा ठिकाणानुसार वेगळ्या आहेत. जर्मनीत ती इतर खर्च सोडून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी आहे, तर इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी. भारताच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने तो स्वीकारल्यासच ती लागू होते. मर्यादा असो वा नसो, अनामत घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल आणि तिच्यातून कशाकशाची कपात होईल, हे शब्दांत लिहिलेले हवे. नेहमीच्या वापराने होणारी झीज, म्हणजे फिकटलेला रंग किंवा झिजलेली फरशी, कपातीतून वगळली असल्याचे वाक्य आग्रहाने घालून घ्यावे. परतीच्या वेळचे बहुतेक वाद याच ओळीच्या अभावी होतात. करार नोंदवण्याचा नियम असेल, तर तो नोंदवावाच.

पैसे बँकेतूनच द्यावेत. खात्यावरील नाव करारातील नावाशी जुळते का, हे पाहावे आणि रोख द्यावीच लागली, तर सहीची पावती घेतल्याशिवाय पाकीट पुढे करू नये.

किल्ली घेताना

सामान आत येण्यापूर्वी रिकाम्या घराचे सलग चलचित्र काढावे. प्रत्येक भिंत, फरशी, खिडकी, नळ आणि आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा त्यात यावा. वीज, पाणी व गॅस यांच्या मीटरवरील आकडे तारखेसह टिपावेत, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे बिल आपल्या नावावर चढते. घरातील वस्तूंची यादी त्यांच्या स्थितीसह करून दोघांनी सही करावी. किल्ल्यांचे किती संच आहेत आणि ते कोणाकडे आहेत, हे विचारून शक्य असल्यास मालकाच्या संमतीने मुख्य कुलूप बदलावे. जुने स्वतःकडे जपून ठेवावे, म्हणजे जाताना पुन्हा बसवता येते.

पत्ता कोठे व किती दिवसांत नोंदवायचा, हेही लगेच पाहावे. जर्मनीत ही मुदत दोन आठवड्यांची आहे, इतरत्र पोलीस किंवा स्थानिक प्रशासनाकडे वेगळ्या पद्धतीने नोंद करावी लागते, आणि बँक खाते, फोन जोडणी, शाळाप्रवेश यांसाठी हाच पत्त्याचा पुरावा लागतो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक नळ, शेगडी, खिडकी आणि कुलूप मुद्दाम वापरून पाहावे आणि जे बिघडलेले आढळेल त्याची एकच यादी करून, छायाचित्रांसह, मालकाला लेखी पाठवावी. तोंडी सांगितलेले दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. ही यादी, चलचित्र, मीटरचे आकडे, करार आणि पैशांच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवावी. करार संपण्याच्या तारखेपूर्वी नोटीस कालावधी मोजून तो दिवसही दिनदर्शिकेत आताच नोंदवावा, कारण काही करारांत त्या दिवसापर्यंत कळवले नाही, तर मुदत आपोआप पुढे वाढते.